पुरवठादार बदलला, बिल कोणाचे उतरले?

विजेचा पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला मिळाले म्हणजे स्पर्धा येईल, स्पर्धा आली म्हणजे दर उतरतील, आणि दर उतरले म्हणजे गरिबाच्या घरातही चार पैसे शिल्लक राहतील, अशी एक साखळी गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा मांडली जात आहे. ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आलेल्या वीज कायदा दुरुस्ती विधेयकामागे हीच विचारसरणी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने हरकती व सूचनांसाठी जो नवा मसुदा प्रसिद्ध केला, त्यातही तारांच्या एकाच जाळ्यावरून अनेकांनी वीज विकावी ही कल्पना कायम आहे. महावितरणच्या कारभाराला विटलेल्या माणसाला ती आकर्षक वाटावी यात नवल नाही. रोहित्र जळाल्यावर आठ-आठ दिवस अंधारात काढलेल्या गावाला ‘दुसरा कोणी आला तर बरे’ असे वाटणारच. आमच्या बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनाही सभांतून हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याला ‘खाजगीकरण नको’ एवढ्या घोषणेने उत्तर देऊन भागणार नाही. विचारणारा हिशेब मागत असतो. म्हणून हिशेबच मांडला पाहिजे.

हिशेब मांडण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करून घ्यावा लागेल. एखाद्या घराचे बिल कमी होणे आणि समाजाचा विजेवरील खर्च कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोळसा कमी जळला, गळती थांबली, जुन्या पंख्याऐवजी निम्म्या विजेवर चालणारा पंखा आला, तर ती खरी बचत. परंतु तीच वीज, त्याच तारेतून, त्याच घरात आली आणि केवळ बिलावरचे नाव बदलून शंभर रुपये वाचले, तर ते शंभर रुपये कोठून तरी आलेले असतात. ते पुरवठादाराच्या कार्यक्षमतेतून आले असतील, त्याच्या नफ्यातून आले असतील, किंवा शेजाऱ्याच्या बिलात जाऊन बसले असतील. यांपैकी नेमके काय घडले, हे तपासल्यावाचून ‘बचत’ हा शब्द वापरणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने सैलपणाचे आहे.

महाराष्ट्रात हा प्रयोग एकाच ठिकाणी झालेला आहे, तो मुंबईत. मुंबईच्या उपनगरांना वीज देणारी बीएसईएस 2003 साली रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि पुढे 2018 साली तो व्यवसाय अदानी समूहाने घेतला. त्याच भागात टाटा पॉवरचाही परवाना जुना होता. घरगुती ग्राहकाला किरकोळ वीज विकण्याचा अधिकार टाटांना आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै 2008 मध्ये न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. त्यानंतर ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने व्यवस्था लावून दिली, की ग्राहकाने रिलायन्सची तार तशीच ठेवावी, तारेचे भाडे म्हणजे वहन आकार रिलायन्सला द्यावा आणि वीज मात्र टाटांची घ्यावी. मीटरचा खटका न दाबता पुरवठादार बदलता येऊ लागला. त्या वेळी टाटांचा दर पुष्कळच कमी होता. टाटांकडे स्वतःची स्वस्त जलविद्युत आणि जुनी औष्णिक केंद्रे होती, तर रिलायन्सला बरीचशी वीज महाग बाजारातून घ्यावी लागत होती. काही लाख ग्राहकांनी अर्ज केले. प्रारंभीच्या महिन्यांत त्यांची बिले खरोखरच उतरली.

पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. जास्त वीज वापरणारे ग्राहक आधी गेले, कारण त्यांना वाचण्याजोगे अधिक होते आणि त्यांना आपल्याकडे ओढण्यात नव्या पुरवठादारालाही रस होता. अशा ग्राहकांच्या चढ्या दरातूनच खालच्या टप्प्यातील ग्राहकांचा दर आवाक्यात ठेवला जात असतो. यालाच क्रॉस-सबसिडी म्हणतात. वरचे ग्राहक निघून गेले, तेव्हा चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्या मागच्या ग्राहकांचा भार वाढला. हे ध्यानात आल्यावर आयोगाने 2011 साली बदली झालेल्या ग्राहकांवर क्रॉस-सबसिडीचा अधिभार बसविला. मागील वर्षांची वसूल न झालेली तूटही पुढे त्यांच्या बिलांत आली. 2012 साली तर आयोगाला असे म्हणावे लागले, की टाटांनी किफायतशीर ग्राहक तेवढे निवडून घेतले. पुढील काळात छोट्या ग्राहकांनाच बदलीची मुभा राहील असे निर्बंधही घालावे लागले. या आदेशांवर अपिले झाली, काही आदेश फिरले. दरम्यान दोन्ही कंपन्यांच्या दरांतील अंतर दर वर्षी बदलत राहिले आणि एके काळी इकडून तिकडे गेलेले पुष्कळ ग्राहक तिकडून इकडे परतले. ज्याने 2009 साली बदल केला आणि नंतर बिलाकडे पाहिलेच नाही, त्याला दहा वर्षांत एकंदरीत काय मिळाले, हे तो स्वतःही सांगू शकणार नाही.

यात टाटा किंवा रिलायन्स यांचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. व्यापारी फायद्याचे गिऱ्हाईक धरणारच. प्रश्न असा, की ज्या व्यवस्थेत गरिबाचा दर श्रीमंताच्या दराच्या आधारावर उभा आहे, तेथे श्रीमंताला निघून जाण्याची वाट करून दिली तर आधाराचे काय करावयाचे? स्पर्धेचे समर्थक याला उत्तर देतात, की सबसिडी सरकारने अंदाजपत्रकातून द्यावी. तत्त्वतः हे म्हणणे चूक नाही. शेतीपंपांच्या बिलांपोटी राज्य सरकारने द्यावयाच्या रकमा महावितरणकडे वेळेवर किती पोचल्या, याची माहिती ज्यांना आहे ते मात्र या तत्त्वावर फारशी भिस्त ठेवणार नाहीत.

जेथे ही निवड सर्वांना मिळाली त्या ब्रिटनचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. तेथे 1999 च्या मध्यापर्यंत प्रत्येक घराला वीजकंपनी निवडण्याची मोकळीक मिळाली. सतरा वर्षांनी, 2016 साली, तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने चौकशीअंती असे नमूद केले, की सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे सत्तर टक्के ग्राहक नेहमीच्या, म्हणजे सर्वांत महागड्या दरपत्रकावरच राहिलेले आहेत आणि घरगुती ग्राहक वर्षाकाठी सरासरीने 1 अब्ज 40 कोटी पौंड जादा मोजीत आहेत. कंपनी बदलणारे होते ते सुशिक्षित आणि सुस्थितीतले. वृद्ध, भाडेकरू, कमी उत्पन्नाचे आणि आगाऊ पैसे भरून मीटर चालविणारे लोक जागचे हलले नव्हते. शेवटी जानेवारी 2019 पासून दरांवर कमाल मर्यादा घालावी लागली. पुढे 2021 मध्ये घाऊक बाजारात गॅस भडकला, तेव्हा स्वस्त दराचे आमिष दाखवून ग्राहक जमविलेल्या दोन डझनांहून अधिक छोट्या कंपन्या काही महिन्यांत बुडाल्या. त्यांचे ग्राहक इतरांकडे सोपविण्याचा खर्च साऱ्या देशाच्या बिलांवर पसरविण्यात आला. जे कधीच कोठे गेले नव्हते, त्यांनीही तो भरला.

आता बीडकडे वळू. येथे घरगुती विजेला महावितरणवाचून दुसरा पुरवठादार नाही. 2022 साली अदानी समूहाने समांतर परवान्यासाठी जो अर्ज केला, त्यात भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण अशी नावे होती. त्याविरुद्ध 4 जानेवारी 2023 रोजी वीज कर्मचाऱ्यांनी संप केला आणि सरकारच्या आश्वासनानंतर तो मागे घेतला. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी ही नावे अशा अर्जांत येण्याचा संभव किती, हे वाचकांनीच ठरवावे. ज्या जिल्ह्याच्या परळीत 1971 पासून औष्णिक वीज तयार होत आली, जेथे राखेचे डोंगर आणि पाण्याचा दुष्काळ दोन्ही गावकऱ्यांनी सोसले, 2013 साली तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले, त्या जिल्ह्याला बाजाराच्या नकाशावर ग्राहक म्हणून फारसे मोल नाही.

याचा अर्थ बीडच्या घराला पुरवठा बदलण्याचा प्रश्नच येत नाही असे नव्हे. तो दोन रूपांत येतो. एक स्वयंपाकाच्या गॅसचा. 2014 साली केंद्र सरकारने गॅसची एजन्सी, इतकेच काय कंपनीही बदलण्याची सोय देशातील बहुतेक जिल्ह्यांत केली. तिचा उपयोग सेवेपुरता आहे, कारण तिन्ही सरकारी कंपन्यांच्या 14.2 किलोच्या टाकीची किंमत एकाच ठिकाणी सारखीच असते. टाकी वेळेवर येत नसेल तर एजन्सी जरूर बदलावी. पैसे वाचविण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. घरपोच आणण्याचा खर्च टाकीच्या किमतीत धरलेला असतो, आणि ग्राहकाने स्वतः गोदामातून टाकी उचलली तर त्याला वजावट मिळावी असा नियम आहे. वाड्या-तांड्यांवरचे लोक दुचाकीवर टाकी बांधून आणतात, पूर्ण पैसे देतात, आणि वर कोणी तरी ‘गाडीभाडे’ म्हणून वीस-तीस रुपये मागतो. येथे कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम आहे.

दुसरे रूप छतावरील सौर विजेचे. पुरवठादार बदलण्याची बीडमध्ये शक्य असलेली खरी वाट हीच. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली. तिच्यात एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन वा अधिकला 78,000 रुपये अनुदान आहे. ‘वीज मोफत’ असे फलक आता तालुक्या-तालुक्यात लागले आहेत. मोफत हा शब्द बाजूला ठेवून काय वाचते ते पाहू, आणि त्यासाठी आधी बिल वाचू.

उदाहरणादाखल महावितरणचे 2024-25 सालचे घरगुती दर घेऊ. पहिल्या 100 युनिटांना वीज आकार आणि वहन आकार मिळून 5 रुपये 88 पैसे. 101 ते 300 युनिटांना 11 रुपये 46 पैसे. त्यापुढे 500 पर्यंत 15 रुपये 72 पैसे आणि नंतर 17 रुपये 81 पैसे. शिवाय सिंगल फेज जोडणीला दरमहा 128 रुपये स्थिर आकार आणि या सर्वांवर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो येथे सोडून देऊ. दर वर्षी आकडे बदलतात, परंतु सांगाडा तोच राहतो, आणि आपल्याला सांगाडाच समजून घ्यावयाचा आहे.

सरासरी आणि सीमांत यांतील भेद शिकविताना अर्थशास्त्राच्या वर्गात दोन तास जातात आणि परीक्षा झाली की विद्यार्थी तो विसरतो. विजेचे बिल तोच धडा दरमहा देत असते. महिन्याला 110 युनिट वापरणाऱ्याचे शेवटचे दहा युनिट हे पहिल्या दहा युनिटांच्या जवळजवळ दुप्पट किमतीचे असतात. म्हणून त्याने दहा युनिट वाचविले तर त्याची बचत सरासरी दराने मोजून चालणार नाही. ती वरच्या टप्प्याच्या दराने मोजली पाहिजे. उलट 60 युनिट वापरणाऱ्याने काटकसर केली, तरी स्थिर आकार जागचा हलत नाही. काटकसरीचे उपदेश ज्याला सर्वाधिक केले जातात, त्याच्याच हाती काटकसरीचे फळ सर्वांत कमी येते.

आता तीन घरे घेऊ. ही घरे गणितापुरती कल्पिलेली आहेत, परंतु अशी घरे आपल्याला रोज भेटतात.

पहिले घर बीड शहरातील नोकरदाराचे. स्वतःचे घर, वर स्लॅब, फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर आणि महिन्याला 250 युनिट. बिल होते सुमारे 2,825 रुपये. त्याने दोन किलोवॅटचे पॅनेल बसविले. एक किलोवॅट आपल्याकडील उन्हात महिन्याला साधारण 120 युनिट देतो असे धरले, तर 240 युनिट छतावरच तयार झाले आणि बिल सव्वादोनशेच्या आत आले. वर्षाला 31,000 रुपयांहून अधिक वाचले. सरकारने अनुदानासाठी धरलेली किंमत किलोवॅटला 50,000 रुपये आहे. प्रत्यक्षात कंत्राटदार अधिक घेतो, तेव्हा 1,30,000 खर्च आणि 60,000 अनुदान धरू. उरलेले 70,000 रुपये सव्वादोन वर्षांत फिटले. त्यानंतर वीसेक वर्षे, पॅनेल पुसणे आणि दहा-बारा वर्षांनी एकदा इन्व्हर्टर बदलणे एवढाच खर्च. अशा गृहस्थाने पॅनेल बसवू नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्याचे पॅनेल खरी वीज निर्माण करते आणि तेवढा कोळसा वाचतो.

दुसरे घर केज किंवा धारूरसारख्या गावातील छोट्या दुकानदाराचे, महिन्याला 90 युनिटांचे. बिल सुमारे 762 रुपये. एक किलोवॅटच्या पॅनेलने वीज आणि वहन आकार शून्यावर आला, तरी स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क मिळून 148 रुपये राहतातच. बचत महिन्याला 614 रुपये. पॅनेल 50,000 ला मिळाले आणि 30,000 अनुदान आले, तर पदरचे 20,000 रुपये पावणेतीन वर्षांत फिटतात. ते बँकेकडून सात टक्क्यांनी मिळाले तर तीन वर्षे. परंतु बँकेने फेऱ्या मारावयास लावल्या आणि त्याने ते महिना शेकडा दोन रुपयांनी उचलले, तर साडेचार वर्षांच्या आसपास. शिवाय अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते, तोवर पूर्ण 50,000 कोणी गुंतवावयाचे हाही प्रश्न आहे. ‘वीज मोफत’च्या फलकावर व्याजाचा दर नसतो.

तिसरे घर ऊसतोड कामगाराचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो आणि पट्टा पडेपर्यंत घराला कुलूप असते. घर पत्र्याचे. गावी असतील ते सहा महिने दोन दिवे आणि एक पंखा, महिन्याला 30 युनिट. वर्षाचे 180 युनिट. त्यांचे 5 रुपये 88 पैशांप्रमाणे 1,058 रुपये होतात. परंतु स्थिर आकार बारा महिन्यांचा, 1,536 रुपये. शुल्कासह वर्षाचे बिल 3,009 रुपये. भागाकार केला तर या माणसाला एक युनिट 16 रुपये 72 पैशांना पडले. बंगल्यात वातानुकूलन यंत्रे लावून 500 च्या वर युनिट जाळणाऱ्याच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर, स्थिर आकार व शुल्क वगळता, 17 रुपये 81 पैसे आहे. दरपत्रकात गरिबासाठी 5 रुपये 88 पैसे छापलेले आहेत आणि प्रत्यक्षात तो जवळपास त्रिपटीने पैसे मोजतो. त्यातले 891 रुपये तर अशा सहा महिन्यांचे, की ज्यांत तो उसाच्या फडाजवळ कोपीत राहत होता आणि त्याच्या घरी एक दिवाही लागला नव्हता.

हे गणित सर्वसाधारण घरगुती वर्गातील जोडणीचे आहे, हे सांगितले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी निराळा वर्ग आहे आणि त्याचा दर पुष्कळच कमी आहे. वर्षाला 360 युनिटांची त्याला मर्यादा आहे. 180 युनिट वापरणारे हे घर त्या मर्यादेच्या निम्म्यातच बसते. तरी त्या वर्गात ते नाही, कारण यादीत नाव नाही, किंवा जोडणी वडिलांच्या नावावर आहे, किंवा अर्ज करावयाच्या दिवसांत तो कोल्हापूर-सांगलीकडे फडात होता. सर्वेक्षणे आणि नोंदण्या हिवाळ्यात होतात आणि हिवाळ्यात आपला निम्मा गाव बाहेर असतो.

या तिसऱ्या घराने सूर्यघर घ्यावे काय? पॅनेलमुळे त्याचे वर्षाला 1,228 रुपये वाचतील. पदरचे 20,000 फिटावयास सोळा वर्षे लागतील. राज्य सरकारने 2025 साली दारिद्र्यरेषेखालील आणि शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांसाठी पूरक अनुदान जाहीर केले. दारिद्र्यरेषेखालील घराला केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 मिळून लाभार्थ्याने केवळ 2,500 भरावयाचे, अशी तिची रचना आहे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. आर्थिक गणित त्याने सुटते. राहतो तो छपराचा प्रश्न. वादळात उडणाऱ्या पत्र्यावर, सहा महिने बंद असलेल्या घरावर, पॅनेल कोण बसवून देणार आणि कोण राखणार? आणि ज्याचे घरच गायरानावर आहे, त्याने छताच्या मालकीचा कोणता कागद दाखवावयाचा? योजना छत असलेल्यांसाठी आहे. छत नसलेल्याला तिच्यातून आज काही मिळत नाही, आणि उद्या कदाचित काही गमवावे लागेल.

गमवावे लागेल असे म्हणण्याचे कारण मुंबईच्या अनुभवात आहे. पहिल्या घरातील नोकरदार, शहरातील रुग्णालये, मंगल कार्यालये, जिनिंगवाले, हे सारे वरच्या दराचे ग्राहक हळूहळू छतावरच्या विजेकडे वळले, म्हणजे महावितरणच्या महागड्या युनिटांची विक्री घटेल. खांब, तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहील, कारण रात्री हे सर्वजण त्याच तारांतून वीज घेतात. तो खर्च भरून काढण्यासाठी नियामक आयोगापुढे सर्वांत सोपा मार्ग असतो स्थिर आकार वाढविण्याचा. 2023-24 साली हा आकार 116 रुपये होता, पुढील वर्षी 128 झाला. या वाढीचे सारे कारण सौर पॅनेल आहे असे कोणी म्हणू नये. परंतु खर्च युनिटावरून काढून जोडणीवर टाकण्याची दिशा एकदा ठरली, की तिचा भार सर्वाधिक कोणावर पडतो हे तिसऱ्या घराच्या भागाकाराने दाखविलेच आहे.

आपल्या बाजूच्या लोकांनीही येथे थोडे आत्मपरीक्षण करावे. मालकी बदलली की कारभार सुधारतो हा भ्रम खाजगीकरणवाल्यांपुरता मर्यादित नाही. 2011 साली औरंगाबाद शहराची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची वीज जीटीएल कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून दिली गेली आणि थकलेल्या रकमांमुळे 2014 साली महावितरणला ती परत घ्यावी लागली, हे आपण सभांतून सांगतो. ते खरेच आहे. परंतु आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही ग्राहकांचीच संस्था होती, सहकाराचा आदर्श म्हणून तिच्याकडे बोट दाखविले जात असे, आणि तिची महावितरणकडील थकबाकी फुगत फुगत जाऊन 2011 साली तिचाही परवाना संपला. राजकीय वजन असलेल्यांची बिले वसूल होत नसतील, तर संस्था सरकारी असो, सहकारी असो की खाजगी, उरलेल्यांनी त्यांचे पैसे भरावयाचे असतात. भारनियमनाच्या वर्षांत बीडकरांनी हे पुरेपूर भोगले. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तेथे अंधार जास्त, असा नियम होता. 2012 च्या अखेरीस राज्याच्या भारनियमनमुक्तीची घोषणा झाली, तेव्हाही वसुली कमी असलेले फीडर वगळलेलेच होते. प्रामाणिकपणे बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकणारा शेजारी यांना एकच शिक्षा झाली. ज्यांना परवडले त्यांनी बॅटरी-इन्व्हर्टर घेतले. त्या बॅटरीत शिरणारी सारी वीज बाहेर येत नाही, वाटेत बराच भाग उष्णता होऊन जातो, आणि चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. विजेचा दर बिलावर छापलेला असतो. न मिळालेल्या विजेची किंमत कोणत्याच कागदावर छापलेली नसते, आणि ज्याला पुरवठादारांची तुलना करावयाची आहे त्याने ती धरली नाही तर तुलना खोटी ठरते.

म्हणून आमच्या मते आजची मागणी ‘दुसरी कंपनी आणा’ किंवा ‘आणू नका’ एवढ्यावर थांबता कामा नये. केंद्राचा मसुदा आणि राज्यातील समांतर परवान्यांचे अर्ज यांना विरोध करावाच, कारण क्रॉस-सबसिडीची पर्यायी व्यवस्था उभी केल्यावाचून किफायतशीर ग्राहक काढून देणे म्हणजे बीडसारख्या जिल्ह्यांवर दरवाढ लादणे आहे. परंतु त्याचबरोबर महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे दोन ठोस गोष्टी मांडल्या पाहिजेत. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला हंगामापुरती जोडणी स्थगित ठेवण्याचा हक्क हवा. त्या महिन्यांचा स्थिर आकार माफ व्हावा आणि परतल्यावर पुनर्जोडणीचे पैसे लागू नयेत. ग्रामसेवकाचा किंवा कारखान्याचा दाखला त्यासाठी पुरेसा धरावा. या सवलतीचा बोजा फार मोठा नाही, आणि हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवण्याची व्यवस्था शासनाने स्वीकारलेलीच आहे. दुसरी मागणी छताची. ज्यांना छत नाही त्यांचा सौर वाटा शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा गावठाणातील मोकळ्या जागेवरील सामाईक पॅनेलांत असावा आणि त्या युनिटांची वजावट थेट त्यांच्या बिलांत व्हावी. अनुदान माणसाला द्यावयाचे आहे, स्लॅबला नव्हे. सहा महिने घर बंद असताना तयार झालेले युनिट त्याच्या खाती जमा राहिले आणि वर्षअखेर त्यांचे पैसे अल्प दराने का होईना त्याला मिळाले, तर उचलीचा बोजा तेवढाच हलका होईल.

आयोगाच्या जनसुनावण्यांत मुंबई-पुण्याचे ग्राहक प्रतिनिधी आकडे घेऊन उभे राहतात आणि त्यांचे म्हणणे आदेशांत नोंदले जाते. मराठवाड्यातून बहुधा निवेदने जातात, त्यांत आकडे नसतात. तेव्हा प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी निदान पन्नास घरांची बारा-बारा बिले गोळा करावीत. बिल नसेल तर ग्राहक क्रमांकावरून ते काढता येते. प्रत्येक घराचे वर्षाचे एकूण युनिट, वर्षभरात भरलेली एकूण रक्कम, त्यांचा भागाकार, आणि घर किती महिने बंद होते, एवढे चार रकाने पुरेत. जोडणी कोणाच्या नावावर आहे आणि छप्पर कशाचे आहे हेही लिहावे. हे काम दसऱ्यापूर्वी आटोपले पाहिजे. टोळ्यांच्या गाड्या एकदा गावाबाहेर पडल्या की शिरूर-पाटोद्याच्या कित्येक वस्त्यांवर बिल दाखवावयासही कोणी राहत नाही.